भिंतीला सरळ, वाटेला गोल

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की प्रत्येक घरात एक दिवस असा उगवतो की, घरातली सगळी मोठी माणसे खोलीच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभी राहतात आणि म्हणतात, ''हे इथून हलवायला हवं!'' हलवायला हवे याबद्दल सर्वांचे एकमत असते. काय आणि कुठे, यावर मात्र दुपारचा चहा निवून जातो. आमच्या घरी यंदा तो दिवस श्रावणातच उगवला आणि त्याला कारण झाली आमची दोन वर्षांची नात.

वर्षभर या सदरातून मी तुमच्याशी पडदे, फडताळे, ओटे आणि माळे यांविषयी बोलत असते. यंदा पत्रांतून एकच प्रश्न सारखा येत होता. अर्धचंद्राकृती सोफे, गोल आरसे, कमानीची कपाटे, कोपरे नसलेली टेबले असे गोल सामान बाजारात जिकडेतिकडे दिसते. हे खरोखर उपयोगाचे आहे, की चार दिवसांची टूम? उत्तर लिहायचे मी टाळत होते. खोटे कशाला बोला, मला ते ठाऊकच नव्हते. शेवटी ते आमच्याच घरात मिळाले, म्हणून आज घरचीच गोष्ट सांगते.

आमचे जेवणाचे टेबल सागवानी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, आणि कोपरे असे की त्यांवर नारळ फोडावा. माझ्या सासऱ्यांनी १९७८ साली बोनसच्या पैशांतून ते करवून घेतले होते. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा आधी देवघर दाखवण्यात आले आणि लगेच हे टेबल. त्याच्या खुणा माझ्या डाव्या मांडीवर कायमच्या आहेत. हातात आमटीचे पातेले घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडले की पहिला कोपरा तिथेच. आमच्या घरातला प्रत्येकजण त्या वळणावर आपोआप कंबर आत ओढून घेतो. पाहुणा कोण, हे ओळखायला सोपे. जो आपटतो तो पाहुणा.

टेबल अडीच फूट उंच असते. दोन वर्षांच्या मुलाची भुवई जवळजवळ त्याच उंचीवर येते, हे गणित मी कधी केले नव्हते. श्रावणातल्या एका शनिवारी छकुली बाल्कनीतून धावत आली आणि थेट त्या कोपऱ्यावर गेली. कपाळाला दोन टाके पडले. ''अर्धा इंच खाली लागलं असतं तर डोळा होता,'' एवढेच डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री जेवणे कशीबशी उरकली. चिरंजीव म्हणाले, ''उद्याच्या उद्या हे टेबल घराबाहेर काढतो.''

''बाबांचं टेबल आहे ते,'' आमचे हे म्हणाले.

सूनबाई काही बोलली नाही, पण तिने लेकीला मांडीवर घेतले ते झोपेपर्यंत खाली सोडले नाही. सासूबाई ओट्यापाशी आपले ताट घेऊन उभ्या होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत.

मला झोप येईना म्हणून बाल्कनीत जाऊन बसले. आमची इमारत शिवाजी पार्कच्या बाजूची, १९४० च्या आसपास बांधलेली. बाल्कनीचा कोपरा गोल आहे. इतकी वर्षे तिथे केस वाळवले, पापड वाळवले, पण हा कोपरा गोल का, हे कधी मनात आले नव्हते. त्या काळच्या मुंबईतल्या कितीतरी इमारती अशाच आहेत. आगबोटी, आगगाड्या आणि विमाने यांच्या वळणदार घाटाने तेव्हाचे वास्तुशिल्पी भारून गेले होते, आणि सिमेंट-काँक्रीटमुळे हवे तसे वळण ओतता येऊ लागले होते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या अशा इमारतींना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांच्या शेजारच्या गॉथिक इमारतींनाही त्याच वेळी तो मान मिळाला. म्हणजे घराला बाहेरून गोलाई, आणि आत मात्र आम्ही चार भाले रोवून ठेवलेले!

मग लग्नाआधीचे दिवस आठवले. ह्यांची नि माझी भेट ठरायची ती इराण्याकडे. संगमरवरी गोल टेबल आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या. टेबल एवढेसे, पण चारजण आले तरी चार, आणि पाचवा आला तर खुर्ची ओढून तोही मावायचा. ''तू त्या टोकाला बस'' असे कुणाला म्हणायची सोयच नव्हती, कारण टोकच नव्हते.

त्या खुर्च्यांची हकिकत मोठी मजेची आहे. लाकूड वाकवले की बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते, ही सुतारांची जुनी अडचण. ऱ्हाइनकाठी जन्मलेल्या आणि पुढे व्हिएन्नात कारखाना काढलेल्या मिखाएल थोनेट नावाच्या कारागिराने ती सोडवली. बीच झाडाच्या लाकडाच्या काठ्या त्याने वाफेवर मऊ केल्या आणि बाहेरच्या बाजूला धातूची पट्टी घट्ट आवळून मग त्या साच्यावर वाकवल्या. त्यामुळे बाहेरची बाजू ताणली जाईना. आतली बाजू दाबली गेली, आणि वाफवलेले लाकूड दाब चांगला सोसते. १८५९ सालच्या त्याच्या प्रसिद्ध खुर्चीत लाकडाचे तुकडे फक्त सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. म्हणून ती खुर्ची आणि तिच्या नकला जगभरच्या उपाहारगृहांत पोचल्या आणि तशाच खुर्च्या आपल्या इराण्याकडेही आल्या. म्हणजे गोलाई ही मूळची श्रीमंतांची चैनच होती असे नाही. चहाच्या कपाबरोबर ती आपण वर्षानुवर्षे वापरली आहे.

आणि इराणी तरी कशाला? आपल्या आजीच्या घरात काय होते? जाते गोल, उखळ गोल, पोळपाट गोल, रांजण गोल. जुन्या वाड्यात खांबांवर महिरपी आणि भिंतीत कमानीचे कोनाडे. पंगत मात्र सरळ रेषेत बसायची, कारण वाढणाऱ्याला वाट हवी असते. जिथे जे सोयीचे, तिथे ते.

दुसऱ्या दिवशी जरा वाचन केले. गोल वस्तू माणसाला का आवडतात, यावर शास्त्रज्ञांनीही डोके चालवले आहे. २००६ साली मोशे बार आणि मायटल नेटा या दोघांनी रोजच्या वस्तूंच्या जोड्या लोकांना दाखवल्या. एक वस्तू अणकुचीदार, दुसरी तशीच पण गोलाईची. लोकांची पसंती गोलाईकडे झुकली. टोक दिसले की मनात कुठेतरी धोक्याची घंटा वाजत असावी, असा त्यांचा तर्क. पुढे २०१३ साली ओशिन वर्तनियन आणि सहकाऱ्यांनी खोल्यांची चित्रे दाखवली. वळणदार खोल्यांना लोकांनी अधिक वेळा सुंदर म्हटले. पण गंमत पुढेच आहे. ''या खोलीत जाल का?'' असे विचारल्यावर गोल-चौकोनाने काही फरक पडला नाही. डोळ्यांना आवडले म्हणून पाय तिकडे वळतातच असे नाही! दुकानात भुलून अर्धचंद्राकृती सोफा घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मी टेप आणि वही घेतली आणि घर मोजत सुटले. कुणाला कुठे लागते, हेही लिहिले. कपाटाच्या कोपऱ्याला कुणी आपटत नाही, कारण ते भिंतीला चिकटून असते. पुस्तकांच्या मांडणीलाही नाही. लागते ते तीन ठिकाणी: जेवणाच्या टेबलाला, पलंगाच्या पायथ्याला आणि ओट्याच्या मोकळ्या टोकाला. म्हणजे सामानाची जी बाजू वाटेत येते, तिथे. माझे उत्तर एका ओळीत मावले: भिंतीला सरळ, वाटेला गोल.

रविवारी आमचे नेहमीचे सुतारमामा आले. मूळचे कोकणातले, केस पांढरे झालेले. त्यांनी टेबलावर हात फिरवला. ''वहिनी, हे फेकायचं नाही. असा साग आता बघायला मिळत नाही. कोपरे मारून देतो. एक ताटली आणा.''

मी सहा इंचांची ताटली दिली. त्यांनी ती दोन्ही कडांना टेकवून कोपऱ्यावर पालथी ठेवली आणि पेन्सिल फिरवली. ''एवढंच जाईल,'' ते म्हणाले. मी हिशेब केला. तीन इंच त्रिज्येची गोलाई काढली तर एका कोपऱ्यातून दोन चौरस इंचांहूनही कमी लाकूड जाते. चार कोपरे मिळून पत्त्याच्या एका पानाएवढेसुद्धा नाही! एवढ्याशा लाकडासाठी घरातली माणसे इतकी वर्षे मार खात होती.

ह्यांचा चेहरा उजळला. ''उत्तम! कोपरे मारा. बाबांची जागा जशीच्या तशी राहील.''

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. ''जागा तशीच राहील, आणि मीही ओट्यापाशीच जेवत राहीन.''

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. सांगायला हवे की, त्या टेबलाला खुर्च्या सहा. खिडकीकडच्या टोकाची सासऱ्यांची. २०२१ साली ते गेले, तेव्हापासून तिच्यावर कुणी बसत नाही. बसू नका असे कुणी म्हटले नव्हते, पण कुणी बसले नाही. उरल्या पाच. आधी छकुली मांडीवर जेवत होती. मग तिला खुर्ची लागू लागली, आणि सासूबाई म्हणू लागल्या, ''तुम्ही बसा, मी मागाहून जेवते.'' मी समजले, जुनी सवय. दुसऱ्यांच्या घरांतल्या जागेचे हिशेब मी दर आठवड्याला मांडत होते, आणि माझ्या घरात एक म्हातारे माणूस ओट्याशी उभे राहून जेवत होते, ते मला दिसले नाही.

''आई, तुम्ही बाबांच्या खुर्चीवर बसायचं होतंत,'' मी म्हटले.

''कशी बसणार गं? ती टोकाची जागा. तिथं बसलं की सगळे आपल्याकडे बघतात. त्यांना शोभायचं ते.'' मग त्या सुतारमामांना म्हणाल्या, ''याचं गोल होईल का रे?''

ह्यांनी तोंड उघडले आणि मिटले.

सुतारमामांनी जमिनीवर खडूने आकृती काढली. सहा फुटांच्या फळीतून चार फूट लांब तुकडा कापायचा. तो तीन फूट रुंद आहेच. चार फुटांचे गोल टेबल हवे तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच कमी पडतात. पण गोलाच्या त्या भागात लांबी तीन फुटांहूनही कमी लागते. म्हणून उरलेल्या दोन फुटांच्या तुकड्यातून सहा इंच रुंद, तीन फूट लांब अशा दोन पट्ट्या काढायच्या आणि दोन्ही बाजूंना जोडायच्या. लाकूड तेच, म्हणून रंगही तोच. मग मध्यावर खिळा, त्याला दोन फुटांची सुतळी, सुतळीला पेन्सिल. बाहेरून एक तुकडाही आणायचा नाही. उलट तीन फूट बाय एक फूट फळी शिल्लक राहते.

आता तुमच्या उपयोगाचे आकडे देते. चार फूट व्यासाच्या टेबलाचा घेर साडेबारा फूट. सहा माणसांना प्रत्येकी सुमारे २५ इंच, म्हणजे कोपर न लागता जेवता येते. साडेतीन फुटांवर चारजण ऐसपैस बसतात, पाच मावतात. पाच फुटांवर सातजण बसतात, पण मधले लोणचे घ्यायला उठावे लागते. आमच्या जुन्या टेबलाने १८ चौरस फूट जागा अडवली होती, नव्याने साडेबारा. मात्र मध्ये भांडी कमी मावतात, हेही सांगून ठेवते. खुर्ची मागे सरकायला भोवती अडीच ते तीन फूट मोकळे हवेत, आणि गोल टेबल भिंतीला चिकटवता येत नाही. म्हणून स्वयंपाकघर अगदी अरुंद असेल तर भिंतीला लागून अर्धगोल टेबल करावे. काही ठरवण्याआधी वर्तमानपत्रे चिकटवून तेवढा गोल कापा, जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्याच्या कडेने फिरा. फुकटचा नकाशा!

एकाच खांबाचे टेबल घ्यावे का, असेही काहींनी विचारले आहे. ईरो सारिनेन या वास्तुशिल्पीला टेबल-खुर्च्यांखालच्या पायांच्या गर्दीचा वीट आला होता. १९५७ साली त्याची एका दांड्यावरची टेबले नि खुर्च्या बाजारात आली. गुडघ्यांना ती सुखाची. पण खालची बैठक रुंद आणि जड हवी, नाहीतर कडेवर भार देऊन कुणी उठले की आमटीसकट टेबल कलंडते. आम्ही जुनेच चार पाय आतल्या बाजूला घेऊन बसवले.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात. वळणदार सोफा मोठ्या दिवाणखान्यात, भिंतीपासून सुटा ठेवला तर छान. दहा बाय बाराच्या खोलीत त्याच्या पाठीमागे जी फट राहते तिच्यात खेळणी आणि धूळ जमते. गोल पलंगाच्या नादी लागू नये, त्याला चादर कुठून आणाल? गोल दरवाज्यांची कपाटे जपून करवावीत. साधे प्लायवूड तसे वळत नाही, मजुरी वाढते आणि लॅमिनेट नीट बसले नाही तर त्याच्या कडा सुटतात. गोल आरसा बिनधास्त घ्या, तो कुणाच्या वाटेत येत नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटचा मोकळा कोपरा जागेवरच घासून गोल करता येतो. काचेचे मात्र तसे नाही. टफन्ड काच नंतर कापता येत नाही. कापायला गेलात तर सगळी काच दाणेदाणे होऊन फुटते. म्हणून ती भट्टीत जाण्याआधीच कोपरे गोल करून मागा. आणि भाड्याच्या घरात, दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नसेल, तर कोपऱ्यांना रबराच्या टोप्या बसवा. दिसायला बऱ्या नसतात, पण टाक्यांपेक्षा बऱ्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेबल तयार झाले. पॉलिशचा वास घरभर. नीट पाहिले तर दोन्ही बाजूंचे सांधे दिसतात. सुतारमामा म्हणाले, ''भरून टाकू का?'' ह्यांनी नको म्हटले. मग ते बराच वेळ टेबलाभोवती फिरत राहिले. खिडकीपाशी थांबले, पुढे सरकले, पुन्हा थांबले. बाबांची बाजू शोधत असावेत. ती आता सापडण्यासारखी नव्हती.

दसऱ्याला श्रीखंड-पुरीचा बेत होता. ताटे मांडली आणि सासूबाई सवयीने ओट्याकडे वळल्या. छकुलीने आपल्या शेजारची खुर्ची थोपटली. ''पणजी, इथं!'' सासूबाई बसल्या. पहिल्या घासाला बसल्या आणि पुऱ्या गार होतील म्हणून तीनदा उठल्या. चौथ्या वेळी ह्यांनी त्यांचा हात धरला नि म्हणाले, ''आई, आता मी आणतो.'' ते आत गेले आणि पुऱ्यांचा डबा कुठे आहे म्हणून तिथूनच ओरडले. साठीच्या माणसाला एका टेबलाने आणखी किती सुधारावे?

उरलेल्या फळीचे सुतारमामांनी दोन पाट करून दिले आहेत. या क्षणी ते बाल्कनीत वाळत आहेत. एक नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला, दुसरा भाऊबीजेला. त्यांचे कोपरे छकुलीच्या वाटीने आखले आहेत. वाटी तिनेच धरली होती, म्हणून एक कोपरा जरासा वेडावाकडा आहे.

तुमच्याकडेही साफसफाई चालू असेलच. एक ताटली हातात घ्या आणि घरभर एक फेरी मारा. कोपरे तर सापडतीलच. पण सगळे जेवायला बसले की कोण उभे राहते, तेही एकदा पाहून घ्या. दिवाळी सुखाची जावो.